एजंटला पैसे कोण देतं ते आधी विचारा

गेल्या महिन्यात कागलकडचे एक काका मुलाला परदेशात शिकायला पाठवायचं म्हणून त्याला घेऊन माझ्याकडं आले होते, बरोबर मुलाची आत्या, आणि पिशवीत सगळे कागद, दहावीच्या मार्कलिस्टपासून कारखान्याच्या ऊस बिलापर्यंत. तासभर बोलणं झालं आणि मग मी माझी फी सांगितली. काका जरा गप्प बसले, आत्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मॅडम राग मानू नका, पण राजारामपुरीत एक जण फुकट करून देतोय की सगळं. ॲडमिशन, व्हिसा, तिकीट सुद्धा बघतो म्हणालाय. मग तुम्ही पैसे कशाचे घेता?"

प्रश्न अगदी रास्त आहे. ज्या घरात उसाचं बिल कधी जमा होतंय याची वाट बघत खर्च ठरतात तिथं हजार रुपये पण विचार करूनच सुटतात. काकांना मी तेव्हा जे सांगितलं ते इथं नीट लिहिते, कारण कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, गडहिंग्लज, पार निपाणीपर्यंत ज्या ज्या घरातलं पोरगं बाहेर शिकायला जायचं म्हणतंय त्या प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. मी सात वर्षं कॅनडातल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची इमिग्रेशन ॲडव्हायजर होते, बाबांच्या आजारपणामुळं परत आले आणि आता कोल्हापुरात ताराबाई पार्कात छोटं ऑफिस आहे. तिथलं काम म्हणजे एक टेबल, समोर दोन खुर्च्या, टिश्यूचा बॉक्स आणि दिवसाला पंधरा-वीस पोरं. स्टडी परमिट संपत आलंय पण पासपोर्ट त्याच्या आधी संपतोय, आजी वारली गावाला जाऊन परत येता येईल का, एक विषय सोडला तर चालतंय का, आठवड्याला किती तास काम केलं तर चालेल. हा शेवटचा प्रश्न तर रोजचा, कारण नियमच एका जागी थांबत नव्हता, आधी २० तास, मग नोव्हेंबर २०२२ पासून एप्रिल २०२४ पर्यंत मर्यादाच उठवलेली, मग परत २०, आणि नोव्हेंबर २०२४ पासून २४. मधल्या काळात आलेल्या पोरांना वाटायचं मर्यादा कायमची गेली, त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं की ही तात्पुरती सवलत आहे.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की त्या खुर्चीवर कुणालाही बसता येत नाही. कॅनडात २०११ मध्ये कायदा कडक झाला, मोबदला घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर तुम्ही वकील पाहिजे, पॅरालीगल पाहिजे, क्यूबेकमधले नोटरी पाहिजे नाहीतर परवाना असलेले कन्सल्टंट पाहिजे. आणि पगार हा पण मोबदलाच, म्हणून विद्यापीठात वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या माणसांना पण एकदम तोंड बंद करावं लागलं. मग त्यांच्यासाठी वेगळा परवाना निघाला, रिसिया म्हणतात त्याला, फक्त परदेशी विद्यार्थ्यांना सल्ला देण्यापुरता. त्याची परीक्षा आहे, दरवर्षी अभ्यास चालू ठेवावा लागतो, चूक झाली तर तक्रार होते आणि परवाना जातो. विद्यार्थ्याच्या वतीनं अर्ज भरायचा नाही, त्याचा प्रतिनिधी व्हायचं नाही. एवढी बंधनं, आणि विद्यार्थ्याकडून एक डॉलर घ्यायचा नाही.

म्हणजे मी पण फुकटच सल्ला देत होते की! राजारामपुरीतला माणूस पण फुकट देतोय. मग फरक कुठाय? फरक एवढाच की मला पगार मिळायचा आणि समोरचा पोरगा कुठला कोर्स घेतोय, राहतोय का सोडून जातोय, यावर माझ्या पगारात एक पैसा कमी-जास्त होत नव्हता. एजंटचं तसं नसतं. तुमचं पोरगं ज्या कॉलेजात जाणार ते कॉलेज एजंटला पैसे देतं, आणि ॲडमिशन झालं, फी भरली तरच देतं.

हे कमिशन साधारण पहिल्या वर्षाच्या फीच्या १० ते २० टक्के असतं. समजा कॉलेजची फी १८,००० डॉलर आणि कमिशन १५ टक्के, तर एका पोरामागं २,७०० डॉलर, म्हणजे दीड लाखाच्या वर गेलं. ऑन्टॅरिओच्या ऑडिटर जनरलनं २०२१ मध्ये तिथल्या सरकारी कॉलेजांवर अहवाल दिला होता, त्यात आहे की त्या कॉलेजांनी २०२०-२१ या एका वर्षात एजंटांना ११.४ कोटी डॉलरच्या वर कमिशन दिलं. एक प्रांत, फक्त सरकारी कॉलेजं, आणि ते पण कोविडच्या वर्षात. हा पैसा आला कुठनं? पोरांच्या फीमधनं. आपल्याच शिरोळ-हातकणंगल्याच्या घरांनी लोन काढून भरलेल्या फीमधनं तो फिरून परत राजारामपुरीत येतो, आणि आपण म्हणतो फुकट करून दिलं.

माझं म्हणणं असं नाही की कमिशन घेणारा प्रत्येक जण चोर आहे. काही जण मनापासून काम करतात, रात्री अकराला फोन उचलतात, पोरगं विमानतळावर अडकलं तर धावपळ करतात, अशी माणसं मला माहितीयत. पण विमा एजंटला आपण विमा एजंटच समजतो ना, त्याला डॉक्टर समजत नाही. इथं विकणाऱ्याच्या दारावर "सल्लागार" असा बोर्ड आहे आणि घरचे त्याला मास्तरांसारखं मानतात, सगळा घोळ तिथं आहे. माणूस कितीही सज्जन असू दे, ज्या कॉलेजाकडनं काहीच मिळत नाही त्याचं नाव त्याच्या तोंडात सहसा येत नाही. जर्मनीचं बघा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, बाडेन-व्युर्टेंबर्गसारख्या राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहायच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आपली कागदपत्रं तपासून देतात ते एपीएसचं सर्टिफिकेट लागतं, अर्जाचं काम किचकट आहे हे खरं. पण मेकॅनिकलला चांगले मार्क असलेलं, शिरोलीच्या फाउंड्रीत दोन वर्षं काम केलेलं पोरगं माझ्याकडं येतं आणि त्याला जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांचं नाव पण कुणी सांगितलेलं नसतं, त्याच्या हातात असतो कॅनडातल्या कुठल्यातरी कॉलेजचा दोन वर्षांचा बिझनेस डिप्लोमा. मेकॅनिकल इंजिनियरला बिझनेस डिप्लोमा कशासाठी? विचारलं तर म्हणतं, सरांनी सांगितलं ह्याला व्हिसा लगेच पडतो.

त्या डिप्लोमांचं पुढं काय झालं ते पण सांगते. कॅनडात सरकारी कॉलेजांनी खासगी कॉलेजांशी करार करून वर्ग चालवायला दिलेले, नाव सरकारी कॉलेजचं, शिकवणार खासगी. १५ मे २०२४ पासून अशा वर्गांत शिकायला सुरुवात करणाऱ्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट बंद झालं. नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्या कॉलेजच्या पोरांना वर्क परमिट पाहिजे असेल तर ठराविक विषयच चालतात असा नियम आला. त्याच महिन्यात आणखी एक नियम आला की कॉलेज बदलायचं तर नवीन स्टडी परमिट काढावं लागेल, आधी नुसतं ऑनलाईन कळवून चालायचं. जीआयसीची, म्हणजे राहायच्या खर्चासाठी कॅनडातल्या बँकेत आधीच ठेवायच्या पैशांची रक्कम १०,००० डॉलरवरून जानेवारी २०२४ मध्ये २०,६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. नवीन विद्यार्थ्यांचा २०२६ चा आकडा सरकारनं १,५५,००० वर आणून ठेवलाय. कॅनडाच कशाला, ऑस्ट्रेलियाची व्हिसा फी जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरवरून १,६०० झाली आणि वर्षभरात २,०००. इंग्लंडनं जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्स कोर्सवाल्यांना नवरा-बायको-पोरं नेणं बंद केलं. एवढं सगळं दोन-अडीच वर्षांत! अशा वेळी सांगणाऱ्याला खरं सांगायची मुभा पाहिजे, "या वर्षी जाऊ नको, एक वर्ष थांब" असं म्हणता आलं पाहिजे. कमिशनवरचा माणूस हे वाक्य म्हणाला तर त्याचं त्या महिन्याचं ऑफिसचं भाडं निघत नाही.

मला सगळ्यात जास्त त्रास झालेली केस सांगते, नाव गाव थोडं बदलून. गडहिंग्लज बाजूचा मुलगा, बीएस्सी, वडील दूध संस्थेत. एजंटनं फाईल लावली, रिफ्युजल आलं, आणि नुसतं रिफ्युजल नव्हे, चुकीची माहिती दिली म्हणून पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. पोरगं माझ्यासमोर बसून म्हणतंय, मॅडम मी काय चुकीचं दिलं तेच मला माहीत नाही. आम्ही फाईलमधल्या नोट्स मागवल्या. त्यात निघालं की दीड वर्षाच्या अनुभवाचं एक पत्र जोडलंय, इचलकरंजीतल्या कुठल्याशा युनिटचं, जिथं हा पोरगा कधी गेलाच नाही, गॅप भरून काढायला एजंटनंच लावून दिलेलं. आणि त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे अधिकाऱ्यानं रिफ्युज करायच्या आधी पत्र पाठवून विचारलं होतं की या अनुभवाबद्दल आम्हाला शंका आहे, तुमचं म्हणणं सांगा, अमुक दिवसांत उत्तर द्या. असं विचारावंच लागतं, तो अर्जदाराचा हक्क आहे. पण ते पत्र गेलं एजंटच्या ईमेलवर. अकाउंट एजंटनं काढलेलं, ईमेल एजंटचा, पासवर्ड एजंटकडं. पोराला शेवटचं रिफ्युजल व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवलं, मधलं पत्र कधी दाखवलंच नाही. उत्तर गेलं नाही, दिवस संपले. आणि कॅनडा सरकारच्या कागदावर एजंटचं नाव कुठंच नाही, अर्ज पोरानं स्वतः भरलाय असंच दिसतंय, खाली जबाबदारीची सही त्याची. तिकडं याला घोस्ट कन्सल्टंट म्हणतात. त्या मुलाची आई नंतर एकदा एकटीच आली होती माझ्याकडं, काही विचारायला नव्हतं तिला, नुसती बसली, चहा घेतला आणि गेली.

म्हणून माझ्याकडं पहिल्या दिवशी पहिलं काम हेच असतं, पोराचा स्वतःचा ईमेल, स्वतःचा पासवर्ड, स्वतःचा मोबाईल नंबर, आणि घरातल्या एका माणसानं तो वहीत लिहून ठेवायचा.

दुसरी बाजू तिकडची. विद्यापीठात असताना सांगली जिल्ह्यातली एक मुलगी आली, दहा मिनिटं इंग्रजीत बोलली, मग माझ्या नावाच्या पाटीकडं बघून हळूच म्हणाली, "तुम्ही मराठी काय?" आणि रडायलाच लागली. तिनं मधल्या सेमिस्टरला दोन विषय सोडले होते, तब्येत बरी नव्हती, फी वाचेल म्हणून एका सीनियरनं ग्रुपवर सांगितलं होतं की काही होत नाही. पण शिक्षणानंतरचं वर्क परमिट पाहिजे तर शेवटचं सेमिस्टर सोडून बाकी सगळी पूर्णवेळ लागतात. दोन आठवडे आधी आली असती तर डॉक्टरचे कागद लावून रीतसर रजा घेता आली असती, १५० दिवसांपर्यंतची रजा नियमात बसते. ती आली तेव्हा विषय सोडून झालेले होते, आम्ही मागून कागद गोळा करत बसलो. मी तिला विचारलं आधी का नाही आलीस, आमचं ऑफिस तर तुझ्या लायब्ररीच्या खाली आहे. म्हणाली, एजंटनं सांगितलं होतं ऑफिसात जास्त काही विचारू नको, ते लोक सरकारला कळवतात.

ही भीती घालणं मला फार वाईट वाटतं, पण यात अगदीच काही खरं नाही असं पण मी म्हणणार नाही, कारण वाचणाऱ्याला पूर्ण चित्र कळलं पाहिजे. कॅनडात कॉलेजला वेळोवेळी सरकारला कळवावं लागतं की कोण शिकतंय आणि कोण येत नाही. अमेरिकेत तर डीएसओ म्हणून जो अधिकारी असतो, ज्याच्या सहीनं व्हिसाला लागणारा आय-२० हा कागद निघतो, त्याला सेविसमध्ये, म्हणजे सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑनलाईन नोंदवहीत, नोंदी कराव्याच लागतात, पोरगं पूर्णवेळ शिकत नसेल तर ती नोंद तो लपवू शकत नाही. तो तुमचा वकील नाही. पण विषय सोडायच्या आधी, कामाला लागायच्या आधी, गावाला यायच्या आधी त्याला विचारलं तर तो वाट दाखवतो, झाल्यावर गेलं तर नोंद करतो. म्हणजे लवकर जायला पाहिजे एवढाच त्याचा अर्थ, आणि आपली पोरं बरोबर उलटं करतात, आधी ग्रुपवर विचारतात, मग कोल्हापूरला एजंटला फोन करतात, तोवर एजंटचं कमिशन जमा झालेलं असतं, तो फोन उचलेल तर उचलेल, आणि ऑफिसात जातात सगळं झाल्यावर.

कायदा काय करतोय? आपल्याकडं १९८३ चा एमिग्रेशन ॲक्ट आहे, त्यात परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला नोंदणी लागते. शिकायला पाठवणाऱ्याला नाही. दुकानाची नोंदणी करा, जीएसटी काढा, बोर्ड लावा, झालात सल्लागार. तिकडचे कायदे आपल्या दारापर्यंत पोचत नाहीत, न्यूझीलंडनं तर २००७ मध्ये सल्लागारांच्या परवान्याचा चांगला कायदा केला आणि त्यातच देशाबाहेर बसून फक्त स्टुडंट व्हिसाचा सल्ला देणाऱ्याला सूट देऊन टाकली, म्हणजे ज्या माणसामुळं सगळ्यात जास्त पोरं अडकतात तोच सुटला. पंजाबनं २०१२ मध्ये कायदा केला, तिथं अशा ऑफिसांना लायसन लागतं. पण २०२३ मध्ये काय झालं ते आठवतंय का, जालंधरच्या एका एजंटनं दिलेली ऑफर लेटर खोटी निघाली, पोरं तोवर तिकडं चार-पाच वर्षं राहून शिकून कामाला लागलेली, पीआरच्या, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याच्या अर्जाच्या वेळी तपासणीत सापडली आणि हातात देश सोडायच्या नोटिसा. आंदोलनं झाली, मग जूनमध्ये कारवाई थांबवली. त्या एजंटला २०२४ मध्ये कॅनडातच तीन वर्षांची शिक्षा झाली. आणि डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक ऑफर लेटर कॉलेजकडून खरं आहे का तपासून घ्यायची पद्धत सुरू झाली, जी खरं तर आधीपासूनच पाहिजे होती.

म्हणजे नुसतं लायसन लावून भागत नाही हे मी पण मान्य करते. काही जण म्हणतात लायसन आलं की हप्ते आले, चांगला माणूस कागद गोळा करत बसणार आणि वाकडा माणूस ओळखीनं काढून घेणार. ही भीती खोटी नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे, महाराष्ट्रानं कायदा करताना पहिलं कलम हेच घालावं: प्रत्येक कुटुंबाला फी भरायच्या आधी मराठीत एक कागद द्यायचा, की या कॉलेजकडून मला एवढे टक्के मिळणार, ज्यांच्याकडून मला काही मिळत नाही अशी आणखी कॉलेजं आहेत, अर्जाचं अकाउंट विद्यार्थ्याच्या नावावर आहे. त्यावर एजंटची सही, शिक्का. खोटं निघालं तर ग्राहक मंचात तोच कागद पुरावा. यात कुठल्या इन्स्पेक्टरला ऑफिसात यायची गरज नाही, बापाच्या हातात कागद असला की बास.

कागलच्या काकांना मी असाच कागद दिला, त्यात माझी फी, आणि खाली कुठल्याही कॉलेजकडून मी काही घेत नाही हे लिहिलेलं. आणि सांगितलं की राजारामपुरीत जाऊन त्यांच्याकडून पण असाच लिहून घ्या, मग दोन्ही कागद समोर ठेवून ठरवा, तिकडं गेलात तरी मला काही वाटणार नाही. चार दिवसांनी फोन आला, म्हणाले ते लिहून द्यायला तयार नाहीत, ते म्हणतात असं कुणी लिहून देत नसतं.

आता आपल्या बाजूचं पण बोलायला पाहिजे, कारण सगळं एजंटवर ढकलून चालणार नाही. आठवड्यातनं एकतरी घर मला विचारतंच, "मॅडम, तेवढं फंडचं बघा की कुठनं तरी." म्हणजे महिनाभरासाठी कुणाकडनं व्याजानं पैसे घेऊन खात्यावर दाखवायचे, इंग्लंडला सलग २८ दिवस पैसे खात्यावर असावे लागतात तर तेवढ्यापुरते आणायचे आणि व्हिसा पडला की परत द्यायचे. मी नाही म्हणते, आणि त्यातली काही घरं मग उठून जातात. मी त्यांना रागावत नाही कारण अडचण कुठं आहे ते मला दिसतंय. साडेसात लाखाच्या वरच्या लोनला सरकारी बँका बहुतेक वेळा तारण मागतात. घराकडं पाच एकर ऊस असतो, पण कर्ज थकलं तर बँकेला कोर्टात न जाता तारण विकता येतं तो सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, वसुली अवघड, म्हणून बँक शेतजमीन तारण घ्यायला तयार होत नाही. मग भावकीतल्या कुणाचा एनए प्लॉट शोधायचा, चुलत्याच्या हातापाया पडायचं, नाहीतर चढ्या व्याजाचं खासगी लोन. पण खात्यावर उसने पैसे दाखवून गेलेलं पोरगं तिकडं पहिल्या महिन्यापासून मर्यादेच्या बाहेर तास काम करतं कारण दुसऱ्या सेमिस्टरची फी कुठून आणणार, आणि मग ते माझ्यासारखीच्या टेबलासमोर येऊन बसतं आणि मला सांगावं लागतं की बाळा, हे मी आता दुरुस्त करू शकत नाही. ते वाक्य मी सात वर्षांत किती वेळा म्हटलं असेल. इथं नाही म्हणणं त्याच्यापेक्षा सोपं आहे.

"गरिबानं सल्ल्याला पैसे कुठनं आणायचे" हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, कारण फी लावली की काही जण दाराशीच थांबतात हे मी रोज बघते. याचं उत्तर माझ्यासारख्या एकट्या माणसाकडं नाही, ते सरकारकडं आणि विद्यापीठाकडं आहे, आणि कोल्हापुरात हे बोलायला लाज वाटायचं कारण नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्याचा करार होता, परत आल्यावर १० वर्षं बडोद्याची नोकरी. पैसे कोण देतंय आणि बदल्यात काय पाहिजे ते कागदावर होतं. मार्च १९२० ची माणगावची परिषद आपल्याच जिल्ह्यातली, आणि त्याच वर्षी बाबासाहेब अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत लंडनला गेले तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली. ज्या गावात बोर्डिंगं काढून खेड्यातल्या पोरांची राहायची सोय शंभर वर्षांपूर्वी झाली त्या गावात आज पोरगं बाहेर पाठवायचं तर विकणाऱ्या माणसाशिवाय विचारायला दुसरं दार नाही! महाराजांच्याच नावानं राज्य सरकार अनुसूचित जातीतल्या ७५ मुलांना दरवर्षी परदेशी शिष्यवृत्ती देतं, फी भरतं, खर्च देतं, पण त्यातलं जे पोरगं आपल्या भागातलं असेल त्याला पण व्हिसाचा अर्ज कसा भरायचा हे विचारायला शेवटी कुठल्यातरी एजंटच्याच खुर्चीवर जाऊन बसावं लागतं.

शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे येतात. तीन जिल्ह्यांसाठी दोन पगारी माणसं ठेवा, फार नाही. एक जण कागद आणि बँकेचं बघणारा, एक जण व्हिसाचे नियम वाचून रोज बदल टिपणारा. कुठल्याही परदेशी कॉलेजशी कमिशनचा करार करायचा नाही, तसं लेखी घ्यायचं. पोरगं तिकडं गेल्यावर पण सहा महिने त्याचा फोन घ्यायचा आणि त्याला सांगायचं की आज तुझ्या विद्यापीठाच्या ऑफिसात जा, उद्या नको. आपल्या कॉलेजांतनं बाहेर गेलेली आणि तिकडंच अशा ऑफिसांत काम करणारी माणसं आहेत, त्यांच्याकडनं महिन्याला दोन तास ऑनलाईन मिळाले तरी खूप झालं. सप्टेंबरच्या इनटेकची धावपळ आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीतच सुरू होते, म्हणजे दिवाळी झाली की टेबल लागलं पाहिजे.

मी दर शनिवारी यायला तयार आहे. मानधन जे काय ठरेल ते बाहेर बोर्डावर लिहून लावा.